नकाशा नसलेले वाडे

गेल्या वर्षी श्रावणात माझा एक जुना विद्यार्थी नल्लकुंट्याच्या माझ्या घरी आला आणि तीनशे पानांचे एक बाड त्याने माझ्यापुढे ठेवले. कादंबरी होती. "सर, छापायला देण्याआधी एकदा नजरेखालून घाला," एवढेच म्हणाला आणि चहा घेऊन निघून गेला. शाळामास्तराकडे अशी बाडे येतच असतात. बहुतेक वेळा शुद्धलेखन सुधारून आणि उत्तेजनाचे दोन शब्द लिहून ती परत करायची असतात. परंतु या कादंबरीचा मुलूख आपला होता. बिलोली आणि बोधन यांच्या मध्ये कुठेतरी एका देशमुखाची गढी, काळ पोलीस ॲक्शनच्या आधीची दोन-चार वर्षे, आणि एकाच घरात मराठी, तेलुगू, उर्दू अशा तिन्ही भाषांची ये-जा. मी उत्सुकतेने वाचायला घेतली. बाराव्या पानावर देशमुख भिंतीतल्या शेकोटीपुढे आरामखुर्ची टाकून बसले, नोकर खालच्या भोजनदालनातून चहाचा ट्रे घेऊन जिना चढून आला, आणि मी चष्मा काढून ठेवला.

बिलोली तालुक्यात भिंतीतली शेकोटी! तिथे वैशाखात माणसे माळवदावर पाणी मारून झोपतात.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावून घेतले. मुलगा प्रामाणिक आहे. त्याने काही लपवले नाही. "सर, मी गढी आतून कधी पाहिलीच नाही. आजोळची होती, ती माझ्या जन्माआधीच गेली. फोटो शोधले तर बुरूज आणि दरवाजा मिळतो, त्याच्या आतले काही मिळत नाही. मग एका रविवारी अबिड्सच्या फुटपाथवर इंग्लंडमधल्या मोठ्या घरांचे एक जाडजूड पुस्तक मिळाले. त्यात खोल्या, जिने, नोकर कुठून येतात, ताटे कुठून येतात, सगळे चित्रांसकट आहे. तेच समोर ठेवून लिहिले. नावे तेवढी आपली घातली."

मी त्याला रागावणार होतो, पण पुस्तक पाहायला मागितले आणि पुढचे आठ दिवस तेच वाचत बसलो. या लेखाचे मूळ त्या आठ दिवसांत आहे.

पुस्तक मार्क जिरुआर्ड यांचे, 'लाइफ इन द इंग्लिश कंट्री हाउस', १९७८ सालचे. नावावरून वाटते तसे ते खांब आणि कमानींचे पुस्तक नाही. घरात राहणारी माणसे कशी वागत, त्यानुसार घर कसे बदलत गेले, याचा तो इतिहास आहे. मालक आणि चाकर एकाच दालनात जेवत, तेव्हा दालन केवढे होते. मालकाला वेगळे बसावेसे वाटले, तेव्हा भिंत कुठे आली. असे त्यात आहे. सतराव्या शतकाच्या मध्यावर कोल्सहिल नावाच्या घरात नोकरांसाठी मागचा जिना निघाला, आणि वर जाणाऱ्या मालकाला रात्रीची भांडी खाली नेणारा नोकर समोर दिसेनासा झाला, हा त्यातला भाग मी दोनदा वाचला. एका जिन्याने दोन माणसांचे एकमेकांकडे पाहणे बंद होते. कादंबरीकाराला याहून अधिक काय हवे? ते घर १९५२ साली जळाले, परंतु त्याचा जिना पुस्तकात शाबूत आहे.

इंग्रजांची ही हौस जुनी आहे. १७०७ मध्ये किप आणि निफ यांनी सरदारांच्या घरांची पाखराच्या नजरेने काढलेली चित्रे छापली. १७१५ पासून कोलेन कॅम्बेलचे 'व्हिट्रुव्हियस ब्रिटानिकस' निघू लागले, त्यात घरांचे नकाशेच होते. पुढे एकोणिसाव्या शतकात जोसेफ नॅशने जुन्या घरांची दालने पुन्हा माणसांनी भरून रंगवली, आणि १८९७ साली सुरू झालेल्या 'कंट्री लाइफ' साप्ताहिकाने फोटो छापण्याचा सपाटाच लावला. असो. याद्या देण्याचा हेतू नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: या पुस्तकांनी त्यांच्या कादंबरीला काय दिले?

मला वाटते, त्यांनी कादंबरीकाराला वर्णन न करण्याची मोकळीक दिली. हे उलटे वाटेल, म्हणून उदाहरण देतो. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) एलिझाबेथ मामा-मामींबरोबर डर्बीशायरला जाते. वाटेत ब्लेनहाइमसारखी नामांकित घरे लागतात. लेखिका सरळ सांगून टाकते की त्यांचे वर्णन करणे हा या पुस्तकाचा हेतू नाही, ती सर्वांना माहीत आहेत. माहीत का आहेत? कारण मार्गदर्शक पुस्तके आणि चित्रे घरोघर पोचली आहेत. मग पेंबर्लीला पोचल्यावर ती खिडकीतून दिसणारी नदी, झाडी आणि एक म्हातारी कारभारीण एवढ्यावर काम भागवते. सारा भर त्या कारभारणीने आपल्या मालकाविषयी काय सांगितले यावर. घर वाचकाच्या डोक्यात आधीच उभे आहे; लेखिकेने त्यातून फक्त माणूस चालवला.

पुढे तर ही पुस्तके कादंबऱ्यांच्या आतच शिरली. एव्हलिन वॉच्या 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड'चा (१९४५) नायक चार्ल्स रायडर घरांची चित्रे काढणारा चित्रकार आहे. त्याचे तीन मोठे चित्रसंग्रह निघतात आणि खपतात. त्याला बोलावणे येते ते बहुधा घर विकायच्या किंवा पाडायच्या आधी. लिलाव पुकारणाऱ्याच्या दोन पावले पुढे चित्रकार, असा तो धंदा आहे. वॉने पंधरा वर्षांनी नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली, तीत कबूल केले की ही घरे आता नामशेष होणार असे त्या वेळी वाटले म्हणून आपण रंग जरा जास्तच भरला. प्रत्यक्षात त्यांतली पुष्कळ वाचली. ही कबुली मला त्या कादंबरीइतकीच मोलाची वाटते. आपल्याकडे वाड्यावर गळा काढणाऱ्या किती लेखकांनी पंधरा वर्षांनी मागे वळून असा हिशेब दिला?

काझुओ इशिगुरो हा मूळचा नागासाकीचा. लहानपणी इंग्लंडला आलेला. त्याच्या 'द रिमेन्स ऑफ द डे'मध्ये (१९८९) स्टीव्हन्स नावाचा बटलर प्रवासाला निघण्याआधी मालकाच्या ग्रंथालयात जाऊन 'द वंडर ऑफ इंग्लंड' या सात खंडांच्या सचित्र ग्रंथात आपला मार्ग पाहतो. ग्रंथ आणि त्याची लेखिका, दोन्ही काल्पनिक. पण त्या बाई युद्धाआधी त्याच घरी पाहुण्या म्हणून येत असत, असे इशिगुरो सांगतो. म्हणजे ज्या नोकराने जन्मभर ती कपाटे पुसली, त्याला स्वतःचा देश मालकाच्या पाहुणीने काढलेल्या पुस्तकातून पाहावा लागतो. आणि त्याच्या घरात जे घडले, मालकाने जर्मनीतल्या नाझींना जवळ केले, ते त्या सात खंडांत कुठे असणार? चित्रांच्या पुस्तकात काय मावत नाही, हे दाखवण्यासाठी इशिगुरोने चित्रांचे पुस्तकच कादंबरीत आणून ठेवले. बाहेरून आलेला माणूस असे करू शकतो. आपण सीमाभागातली माणसेही एका अर्थाने दोन्ही घरांना बाहेरचीच, म्हणून मला हे जवळचे वाटले.

या पुस्तकांविषयी एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. ती गुळगुळीत पाने पाहताना पैसा कुठून आला हे विसरायला होते. इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टने २०२० साली स्वतःच एक अहवाल काढला आणि आपल्या ताब्यातल्या ९३ वास्तूंचा गुलामगिरीशी किंवा वसाहतींच्या लुटीशी संबंध असल्याचे मांडले. वेल्समधल्या पोविस किल्ल्यात टिपू सुलतानाचा तंबू आहे. तो तिथे हवा बदलायला गेला नव्हता.

आता आपल्या गावाकडे येऊ. इंग्रजांची ही घरे पुस्तकांत बसूनच हिंदुस्थानात आली. कलकत्त्याचे गव्हर्न्मेंट हाउस १८०३ मध्ये पुरे झाले, ते डर्बीशायरमधल्या केडल्स्टन या घरावर बेतलेले. पुढे त्याच केडल्स्टनचा कर्झन व्हाइसरॉय होऊन त्या नकलेत राहायला आला. आणि नल्लकुंट्याहून काचीगुड्यावरून कोठीला गेले की आपल्या हैदराबादची रेसिडेन्सी उभी आहे. कर्कपॅट्रिक या रेसिडेंटाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती बांधायला घेतली, खर्च निजामाच्या खजिन्यातून झाला. दर्शनी भागी उंच खांब, पायऱ्यांच्या दोन बाजूंना सिंह, जणू ऑक्सफर्डशायरमधून उचलून मुसीकाठी ठेवलेले घर. त्याची पत्नी खैरुन्निसा पडद्यात राहणारी. तिला दर्शनी बाजू पाहता यावी म्हणून त्याने जनान्याच्या बागेत घराची छोटी प्रतिकृती बांधली, असे सांगतात. ती प्रतिकृती पडक्या अवस्थेत का होईना, उरली. पुढे तिथे मुलींचे कॉलेज झाले. माझ्या धाकट्या बहिणीने तीन वर्षे त्या सिंहांजवळ बसून डबा खाल्ला आहे. आपण ज्या घरापुढे बसलो आहोत ते घर आतल्या बाईला स्वतः पाहता येत नव्हते, हे तिला तेव्हा कुणी सांगितले नाही. मलाही ते डॅलरिंपल यांचे 'व्हाइट मुघल्स' (२००२) वाचल्यावर कळले.

रेसिडेन्सीपासून शहराच्या जुन्या भागात गेले की देवढ्या लागतात, किंबहुना लागत असत. इथे आपल्या भाषेची एक गंमत आहे. मराठीत देवडी म्हणजे दरवाजाच्या आत दोन बाजूंना पहारेकऱ्यांनी बसायची जागा. हैदराबादच्या उर्दूत देवढी म्हणजे उमरावाचा अख्खा वाडा. पहारेकऱ्याचा ओटा वाढत वाढत मालकाचे घर झाला. या देवढ्यांत रायरायान यांची देवढी होती. हे घराणे मराठी, देशस्थ. निजामशाहीच्या मराठी सुभ्यांचे दफ्तर पिढ्यान् पिढ्या त्यांच्याकडे. तेलंगणाचे दफ्तर मालवाला घराण्याकडे. त्या मालवालांचा कोरीव लाकडी खांबांचा महाल चारमिनारच्या परिसरात होता, तो २००० साली पाडला गेला. आमच्या शहरात जन्मलेल्या मराठी मुलाला इंग्रज रेसिडेंटाचे घर आजही आत जाऊन पाहता येते, आणि स्वतःच्या भाषेतला वाडा मात्र विटा-लाकडाच्या वखारीत शोधावा लागतो.

गढी या शब्दाची कथा याहून खोल आहे. आपण गढी म्हणतो, तेलुगू शेजारी गडी म्हणतात. वास्तू एकच, बुरूजही तेच. परंतु मराठी कथा-कादंबरीत गढी आली की बहुधा उसासा येतो: गेलेले वैभव, पडलेला बुरूज, म्हातारी आत्याबाई. तेलुगू साहित्यात गडी आली की अंगावर काटा येतो. दाशरथी रंगाचार्यांची 'चिल्लर देवुळ्ळू' ही कादंबरी वाचा. तिच्यातली गडी म्हणजे दोराची सत्ता, वेट्टी म्हणजे वेठबिगार, आणि गडीतल्या बायकांची कोंडी. १९४६ ते १९५१ च्या सशस्त्र लढ्याची जमीन ती. बोधन-बिलोलीच्या सीमेवर एकाच घराला हे दोन शब्द लागू होतात, आणि त्या घराविषयी लिहिणाऱ्याला दोन्ही साहित्यांचे ऋण फेडावे लागते. माझ्या विद्यार्थ्याच्या कादंबरीत शेकोटी होती. वेठीला आलेली माणसे कुठे उभी राहतात, ते नव्हते. चूक खरी ती होती. शेकोटीला मी उगाच हसलो.

आता मराठीतल्या घरांकडे. वर्गात धडा शिकवताना मी मुलांना एक काम देतो: पाठातल्या घराचा नकाशा चिठोऱ्यावर काढा. लेखकाने घर पाहून लिहिले आहे की नाही, ते यातून पटकन कळते. हीच चाचणी मी मोठ्या पुस्तकांना लावून पाहिली. वाचकांनी राग मानू नये.

रणजित देसाई यांची 'स्वामी' (१९६२) आणि ना. सं. इनामदार यांची 'राऊ' या दोन्ही माझ्या आवडत्या कादंबऱ्या. 'स्वामी'तला शेवट आजही मला मोठ्याने वाचता येत नाही. पण शनिवारवाड्याचा नकाशा मला त्यांवरून काढता येत नाही. महाल आहेत, सज्जे आहेत, समया आहेत, कारंजे आहे. एका महालातून दुसऱ्यात जाताना मधे काय लागते ते नाही. दोष लेखकांचा म्हणवत नाही. १७३० मध्ये पाया घातलेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. उरला तो तट, दिल्ली दरवाजा आणि जोती. हाताशी बखरी, दफ्तरातले कागद, आणि जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून टॉमस डॅनियलने १८०५ साली पुरे केलेले गणपती रंगमहालातल्या दरबाराचे एक चित्र. द. ब. पारसनिसांनी १९२१ मध्ये जुन्या पुण्यावर सचित्र इंग्रजी पुस्तक काढले, म. श्री. माटे यांनी १९५९ मध्ये मराठा वास्तुकलेवर ग्रंथ लिहिला. दोन्ही पुस्तके मोलाची. पण जो दरबार चित्रात होता तोच कादंबरीत आला. चित्रकाराने मुदपाकखान्यात पाऊल टाकले नव्हते, म्हणून कादंबरीकारालाही तिथली वाट सापडली नाही.

श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'मधले (१९८७) घर मात्र हाताला लागते. दापोली-खेडचा तो मुलूख त्यांच्या पायाखालचा होता, त्यांना पुस्तकाची गरज नव्हती. महेश एलकुंचवार यांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) तर या बाबतीत आदर्शच. तिथे वाड्याचे वर्णन जवळजवळ नाही. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर आहे, आत न संपणारे काम आहे, आणि तेराव्याचा खर्च कुठून करायचा हा वाद आहे. वाडा विटांचा नव्हे, खर्चाचा बनलेला आहे, हे त्यांनी ओळखले. अर्थात नाटककाराला एक सोय असते. घर उभे करायला नेपथ्यकार असतो. कादंबरीकाराला गवंडी, सुतार आणि नेपथ्यकार, तिन्ही स्वतःच व्हावे लागते. मग तो एकतर कथा थांबवून पानभर वाडा समजावून सांगतो, किंवा माझ्या विद्यार्थ्यासारखा दुसऱ्याचे घर उचलून आणतो. नारायण धारपांनी 'लुचाई'साठी स्टीफन किंगची अख्खी भुताटकीच उचलून आणली, आणि ती इथे रुळवलीही. पण तशी हातोटी प्रत्येकाला नसते.

मग आपल्या घरांचे पुस्तक नाहीच का? विचार करता करता माझ्या लक्षात आले, आहे. पण ते एका बांधणीत नाही आणि त्यात चित्रे नाहीत. रमाबाई रानड्यांच्या आठवणी (१९१०) काढा. वरच्या मजल्यावर पतीजवळ बसून शिकायचे आणि खाली उतरले की घरातल्या बायकांचे टोमणे ऐकायचे. कोल्सहिलच्या जिन्याने जे केले ते इथल्या जिन्याने दुसऱ्या तऱ्हेने केले आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त सोवळ्याच्या घराची एकेक रेघ आहे. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाड्या'त (१९१५) कोण कुणाच्या दारात कशासाठी येतो त्याचा सगळा हिशेब आहे. आणि दार बाहेरून कसे दिसते ते पाहायचे तर दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) आणि बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६). लाकडाची मोळी विकायला आलेल्या बाईला ब्राह्मण घरातली बाई सांगते की काटकीला केस किंवा धागा चिकटलेला नाही ना बघ, आणि लाकडे नीट रचून ठेव. तो प्रसंग बेबीताईंनी लिहिला आहे. अंगण, मोळी, अंतर, आवाज कुठून येतो, सगळे त्यात आहे. तेवढ्यावरून मी त्या घराची पुढची बाजू बिनचूक काढून दाखवीन. दिवाणखाना बखरीत, चूल बायकांच्या आठवणीत आणि उंबऱ्याबाहेरची जागा दलित आत्मकथनांत, असे आपले घर तीन कपाटांत वाटले गेले आहे. इंग्रजांनी निदान मागचा जिना आणि पुढचा दरवाजा एका पुठ्ठ्यात बांधला.

हे सगळे मी विद्यार्थ्याला ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, मग तुम्हीच तुमच्या वाड्याचा नकाशा काढून द्या ना."

आमचा वाडा देगलूरकडच्या एका खेड्यात होता. भावकीत वाटण्या झाल्या आणि सत्त्याण्णव साली तो उतरवला. सागवानी तुळया आणि खांब ट्रकमध्ये भरून गेले, त्यातला माझ्या वाट्याचा पैसा या नल्लकुंट्याच्या घराच्या स्लॅबमध्ये आहे. मी मोठ्या डौलाने कागद घेतला. दिंडी दरवाजा काढला, ढाळज काढली, चौक काढला, ओसरी, माजघर. माजघरापुढे पेन्सिल चालेना. स्वयंपाकघर डाव्या हाताला की उजव्या? बळद कुठल्या भिंतीत होते? सतराव्या वर्षापर्यंत सुट्ट्या तिथे काढलेला माणूस मी, एम. ए. मराठीला वाड्यावरचे साहित्य शिकलेला. अल्बम काढले. त्यात वाडा आहे, पण लग्नातल्या माणसांच्या खांद्यांवरून डोकावणारा. कुणी घराचा म्हणून फोटो काढलाच नव्हता. एका फोटोत मामांच्या फेट्यामागे अर्धी खुंटी दिसते.

शेवटी आईला विचारले. आई ब्याऐंशी वर्षांची आहे, डोळ्यांचे ऑपरेशन झालेले. तिने शाळेच्या जुन्या प्रश्नपत्रिकेची पाठकोरी बाजू घेतली आणि मधोमध चूल काढली. चुलीपासून सुरुवात! चुलीच्या वर माळवदातले साणे, उजेडाचे भोक. पाऊस आला की त्यावर घमेले पालथे घालायला कोण जायचे तेही सांगितले. मग बळद, जाते, उखळ, बाळंतिणीची खोली, न्हाणी, परसातला आड. गोठ्याला लागून एक लहानसा चौकोन काढला आणि काही लिहिले नाही. मी विचारले, हे काय? "महिन्याचे चार दिवस बसायची जागा," ती म्हणाली. "पावसाळ्यात तिथं गळायचं." मी त्या चौकोनाजवळून हजारदा पळालो असेन. मराठीतल्या कुठल्या कादंबरीत, निदान पुरुषाने लिहिलेल्या, तो मला भेटला नाही.

तिच्या नकाशात स्वयंपाकघर अर्धा कागद व्यापून आहे. जी ढाळज मी सर्वांत मोठी काढली होती, ती वर कडेला एका रेघेएवढी. "आई, ढाळज एवढीच?" "मी कधी बसलेय तिथं? तुझे आजोबा असायचे. आतून फटीतून किती माणसं आलीत ते मोजायचं, तेवढ्या भाकरी टाकायच्या." मागचे दारही तिने काढले. वेठीबिगारीची, बलुत्याची माणसे तिथे येत. ती कुठे उभी राहायची, असे विद्यार्थ्याने विचारले. तिने दाराच्या पलीकडे बोट नेले. बोट टेबलावर आले. कागद दाराशीच संपला होता.

विद्यार्थ्याने त्या नकाशाची झेरॉक्स नेली. गेल्या महिन्यात तो नवे बाड घेऊन आला. शेकोटी गेली आहे, ट्रे गेला आहे. पहिले प्रकरण आता आडावर सुरू होते. सून पहाटे पाणी आणते. मागच्या दाराबाहेर दोन माणसे उभी आहेत आणि कादंबरी त्यांच्याकडे वळेल असे दिसते. वळली तर चांगलीच होईल. ढाळज अजूनही जरा प्रशस्त आहे, तो मोह त्याला सुटत नाही. मी ते प्रकरण आईला वाचून दाखवले. तिने डोळे मिटून ऐकले. एका ठिकाणी थांबवले. त्याने लिहिले होते की चुलीपासून आड बावीस पावले.

"बावीस जाताना," आई म्हणाली. "येताना घागर भरलेली असते. सव्वीस लिही म्हणावं त्याला."